सूचनाफलकाची टोपी

बायको कपाटाच्या कप्प्यात कागद अंथरत होती आणि अंथरता अंथरता थांबली. एवढंच झालं होतं. वाचनालयाने काढून टाकलेली जुनी मासिकं तिने कप्प्यांसाठी आणली होती. त्यातलं एक पान हातात धरून ती खिडकीच्या उजेडाकडे वळली आणि म्हणाली, "किती छान दिसतोय हा."

गणिताचे सर शेजारीच पाचवीच्या वह्या तपासत बसले होते.

"कोण?"

"हा. जाहिरातीतला."

मग तिने ते पान कप्प्यात घातलं, त्यावर टॉवेलांची चळत ठेवली आणि कप्पा बंद केला. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. सरांच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

सर विचार करू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली. या काळात ती त्यांना "सर्दी झालीये का?" म्हणाली होती, "हा शर्ट आता टाका" म्हणाली होती, "जरा सरळ बसा" तर रोजच म्हणत होती. हे सगळं मायेपोटीच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण "छान दिसताय"? सरांनी आठवणीचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. एकदा ती "छान दिसतंय" म्हणाली होती खरी, पण ते त्यांनी बसवलेल्या पडद्याच्या दांडीबद्दल होतं.

आठवड्याभरात बायको बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि मेहुणीबाई आजारपणात कोणाचं ऐकत नसत, फक्त थोरल्या बहिणीचं ऐकत. गाडी सुटली तशी सर घरी आले, टॉवेलांची चळत उचलून पलंगावर ठेवली आणि ते पान बाहेर काढलं.

जहाजाच्या कठड्याशी एक माणूस उभा होता. मागे धूसर समुद्र. माणसाची हनुवटी थोडी वर, एक हात कोटाच्या खिशात, आणि डोक्यावर मऊ कापडाची एक टोपी, एका कानावर किंचित कललेली. तिच्या माथ्यावर मधोमध अशी खोलगट घडी होती, जणू कोणी झोपेत उशीवर हात ठेवला असावा. खाली लिहिलं होतं : 'डोके प्रत्येकाला असते. टोपी मात्र निवडावी लागते.'

सर बराच वेळ त्या पानापाशी बसले. मग बाकीचे कप्पेही रिकामे झाले. जुन्या जाहिरातींचं एक वेगळंच जग असतं. तिथे कायम दुपारचे चार वाजलेले असतात आणि वारा फक्त झेंड्यांना लागतो, टोप्यांना लागत नाही. पितळी हंडा पालथा घातल्यासारखी गोल काळी टोपी घातलेला एक गृहस्थ कुत्र्याला काहीतरी समजावून सांगत होता. गवताच्या चपट्या टोपीला निळी फीत लावून एक तरुण होडी वल्हवत होता आणि त्याला घाम म्हणून आला नव्हता. घंटेच्या आकाराची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली एक बाई मोटारीतून उतरत होती, पण तिचा पाय जमिनीला लागत नव्हता. चित्रकाराने बहुधा मुद्दामच अंतर ठेवलं असावं. उंच नळकांड्यासारख्या टोपीतला एक म्हातारा घड्याळात बघत होता आणि त्याला उशीर झालेला दिसत नव्हता. कोणाच्याही हातात भाजीची पिशवी नव्हती. कोणाच्याही खिशातून खडू डोकावत नव्हता.

आणि सगळ्यांत छान तो कठड्याजवळचाच होता. बायकोचं चुकलं नव्हतं.

ती परत येईल तेव्हा आपण स्टेशनवर जायचं, असं सरांनी ठरवलं. एका कानावर किंचित कललेली तशीच टोपी घालून, हनुवटी वर करून, एक हात खिशात घालून उभं राहायचं. हाक मारायची नाही. तो कठड्याजवळचा कोणाला हाक मारत नव्हता. तिने डब्यातून उतरावं, बघावं आणि म्हणावं. काय म्हणावं, ते तिला ठाऊकच होतं. एकदा परक्या माणसाला म्हणून झालं होतं.

आता टोपी म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचा घोटाळा कळायला सोपा जाईल. टोपीचे तीन भाग. डोकं जिथे राहतं तो माथा, सावली जिथून पडते ती कड आणि दोन्हींचा सांधा लपवते ती फीत. यात अवघड काही नाही. अवघड असतं ते माप, आणि माप म्हटल्यावर सरांना उभ्या जन्मात कधी भीती वाटली नव्हती.

त्यांनी पट्टी घेतली. चित्रातल्या माणसाचा चेहरा हनुवटीपासून भुवईपर्यंत मोजला. टोपीचा माथा मोजला. डावीकडची कड मोजली, उजवीकडची मोजली. मग आरशासमोर उभं राहून स्वतःचा चेहरा मोजला आणि त्रैराशिक मांडलं. चित्रातल्या एवढ्या चेहऱ्याला एवढी टोपी, तर आपल्या एवढ्या चेहऱ्याला केवढी? उत्तर सुटसुटीत आलं. ताळा केला, तोही जुळला. डावी कड वीतभर आणि उजवी जेमतेम दोन बोटं. सरांना याचं नवल वाटलं नाही. चित्रात ती तशीच होती आणि पट्टी खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तेच गणित मुलांना घातलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने चित्र निरखून पाहिलं आणि विचारलं, "सर, या माणसाची मान एवढी लांब कशी?"

"आपला विषय टोपीचा चाललाय," सर म्हणाले. "मान पुढच्या वर्षी."

टोपीला कापड जाड हवं होतं. इथे शेजारी आले. खालच्या मजल्यावर वकीलबाई राहत, समोर निवृत्त पोस्टमास्तर. सरांनी खरं तर दोघांनाही काही सांगितलं नव्हतं. पण जिन्यात उभं राहून स्वतःच्या डोक्याभोवती दोरी गुंडाळणारा माणूस दिसला की लोक थांबतातच.

"डोकं दुखतंय का?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"नाही. परीघ काढतोय."

"वहिनी घरी नाहीत वाटतं," वकीलबाई म्हणाल्या.

सरांनी सांगायचं तेवढं सांगितलं. बायकोच्या वाक्याबद्दल ते अर्थातच बोलले नाहीत. उन्हाचा त्रास होतो, एवढंच म्हणाले. तेव्हा आकाश ढगाळ होतं.

"दुकानात मिळते की तयार," पोस्टमास्तर म्हणाले.

"तयार टोपी तयार डोक्यासाठी असते," सर म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं. जाहिरातीत शोभलं असतं.

"मग नमदा घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड. तुमच्या शाळेच्या सूचनाफलकाला लावलंय बघा, हिरवं. तसलं."

सर वर्षानुवर्षं त्या फलकासमोरून जात आले होते, पण फलकाकडे कापड म्हणून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि योग असा की शाळेत नवा काचेचा फलक येऊन पडला होता, जुना निघायचा होता. सर कार्यालयात गेले.

कार्यालयातले हेडक्लार्क शांत गृहस्थ होते. त्यांना नाही म्हणायची कधी वेळच येत नसे, कारण ते हो कसं म्हणता येईल हे इतक्या तपशिलात सांगत की समोरचा आपणहून उठून जाई.

"जुना फलक मोडीत निघाला की कापड तुमचं," ते म्हणाले. "मोडीत काढण्याआधी तशी सूचना लावावी लागते. कोणाची हरकत असेल तर यावी म्हणून."

"लावा की."

"लावलीये."

"कुठे?"

"सूचनाफलकावर."

"मग?"

"मग सूचना लावलेली असेपर्यंत फलक काढता येत नाही."

"आणि सूचना काढली तर?"

"तर सूचना लावली नाही असं होईल," हेडक्लार्क हळुवारपणे म्हणाले. "चहा घेणार?"

सरांनी चहा घेतला. मुलांना वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : अडलेल्या गणिताला धक्का मारायचा नाही, ते दुसऱ्या पद्धतीने मांडायचं. ते म्हणाले, "ती सूचना नव्या फलकावर लावली तर?"

हेडक्लार्कनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर पहाट झाल्यासारखं झालं. नवा फलक अजून बसवलेला नव्हता, भिंतीशी टेकवून ठेवला होता; पण सूचना फलकावर असावी एवढंच नियमात होतं, फलक भिंतीवर असावा असं नव्हतं. त्या संध्याकाळी हिरवा नमदा सरांच्या काखेत आला.

घरी येऊन त्यांनी तो उलगडला. सगळीकडे टाचण्यांची बारीक भोकं होती, चाळणीसारखी. आणि जिथे जिथे वर्षानुवर्षं कागद लागले होते तिथे तिथे मूळचा गडद चौकोन राहिला होता, बाकीचा रंग उन्हाने उडाला होता. सरांनी कापड उजेडात धरलं. भोकांतून प्रकाशाचे ठिपके भिंतीवर पडले आणि भिंत चांदण्यांनी भरल्यासारखी दिसली. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. हात दुखायला लागले तेव्हा खाली घेतलं.

टोपीला आकार यायचा तर ती ओली करून डोक्यावर वाळवावी लागते, आणि इतका वेळ स्वतःचं डोकं कोण देणार? म्हणून लाकडी डोकं हवं होतं. सुतार आला. त्याने घडीची मोजपट्टी उघडली आणि दाराची चौकट मोजावी तसं सरांचं डोकं उभं-आडवं मोजलं.

"कानाकडे थोडं बाहेर आहे," तो म्हणाला.

"ते कान आहेत."

"असू दे. लाकूड फुगतं. मी चारी बाजूंनी जागा सोडतो. नंतर अडकायला नको."

जागा दारात सोडतात, डोक्यात नाही, हे सरांच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्याच वेळी ते कठड्यापाशी उभे होते, समुद्रावरून धुकं येत होतं आणि दूर कुठेतरी भोंगा वाजत होता. "बरं," ते म्हणाले.

लाकडी डोकं आलं. चांगलं गुळगुळीत होतं, पण सरांच्या डोक्यापेक्षा मोठं होतं. विचारी वाटत होतं. सरांनी ते टेबलावर ठेवलं आणि त्यांना उगाच आपण कमी पडतो आहोत असं वाटलं.

मग शिंप्याकडे. हा शिंपी शाळेचे गणवेश शिवत असे. त्याने सरांचा कागद पाहिला, लाकडी डोकं पाहिलं आणि पुन्हा कागद पाहिला.

"सर, एका बाजूची कड वीतभर आणि दुसरीकडे दोनच बोटं?"

"चित्रात तशी आहे."

"चित्रातला माणूस वळून उभा आहे ना?"

"दादा, मी मोजलंय," सर म्हणाले. ज्या आवाजात ते 'बे एके बे' म्हणत त्याच आवाजात म्हणाले.

"मग झालं. मी गिऱ्हाइकाच्या मापाला उलट बोलत नाही. एकदा बोललो होतो, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं आणि तिथे खूश राहिलं."

टोपी शिवून झाली. शिंप्याने ती हातावर फिरवून दाखवली आणि अभिमानाने आतली शिवण उलगडली. "आत भरपूर दाब सोडलाय. आणि थोडी सैल ठेवलीये. पुढच्या वर्षी उंची वाढली तरी बसेल."

"कोणाची?"

शिंप्याने शिवण पुन्हा मिटली. गणवेश शिवून शिवून त्याच्या हातालाच सवय लागली होती. समोर कोणीही आलं तरी ते वाढणारच, असं त्याला वाटे. एका अर्थी ही फार चांगली सवय आहे. टोपीच्या बाबतीत मात्र ती अडचणीची ठरली.

सरांनी टोपी घातली. दुकानात अंधार झाला.

"थोडी मागे घ्या," शिंप्याचा आवाज आला.

सरांनी मागे घेतली. आता समोरचं दिसू लागलं, पण मागची कड कॉलरवर टेकली. डावीकडची वीतभर कड खांद्यापाशी येऊन ओल्या पानासारखी लोंबू लागली.

कड ताठ कशी करायची, यावर जिन्यात बैठक झाली. पोस्टमास्तर म्हणाले, डिंक. त्यांचा डिंकावर आयुष्यभराचा विश्वास होता. वकीलबाई म्हणाल्या, वाफ. पोस्टमास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, कपड्यांची खळ, आणि यात विचारायचं काय. कोणालाच दुखवायचं नाही म्हणून सरांनी तिन्ही उपाय केले आणि तेही एका दुपारी. कड ताठ झाली. इतकी की तिच्यावर चहाचा कप ठेवता आला असता. फक्त ती लोंबत असतानाच ताठ झाली होती.

"आता ती बदलायची नाही," पोस्टमास्तर समाधानाने म्हणाले.

"तुमचा डावा डोळा दिसत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण उजवा छान दिसतो."

नेमका त्याच दिवशी वकीलबाईंच्या फोनवर निरोप आला की मेहुणीबाई चालायला लागल्या, ऐकायच्या बंद झाल्या, तेव्हा बायको उद्या दुपारच्या गाडीने निघते आहे.

उद्या. सर टोपीसमोर बसले. टोपी लाकडी डोक्यावर होती आणि त्या डोक्याला ती उत्तम बसत होती. माथ्यावर बरोबर मधोमध एक गडद चौकोन आला होता. तिथे बरीच वर्षं सुट्ट्यांचं वेळापत्रक लागलेलं असे. टोपी न घालता जावं, असा एक विचार सरांच्या मनात आला. पण तसे ते आजवर कितीदा तरी गेले होते, आणि बायकोने प्रत्येक वेळी उतरताच "दूध तापवलंत का?" एवढंच विचारलं होतं. त्यांनी माथ्यात वर्तमानपत्राची घडी कोंबली. टोपी भुवयांवर येऊन थांबली. डोकं हलवलं की आत बातम्या कुरकुरत, पण तेवढं चालण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सर कोट घालून निघाले. डावीकडून येणारं काही दिसत नव्हतं, म्हणून ते रस्ता ओलांडताना स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेत. स्टेशनच्या दारात झाडूवाला बाकावर बसला होता, तो सरांना पाहून उठला आणि स्वच्छ जागा पुन्हा झाडू लागला. तिकीट तपासणाऱ्याने टोपी पाहिली, माथ्यावरचा चौकोन पाहिला आणि हळूच विचारलं, "साहेब, तपासणी आजच आहे का?"

"मी वाट बघायला आलोय," सर म्हणाले.

तिकीट तपासणाऱ्याने याचा स्वतःच्या सोयीचा अर्थ लावला आणि सदऱ्याचं बटण लावलं.

फलाटाच्या टोकाला, जिन्याच्या जरा अलीकडे, लोखंडी कठडा होता. पलीकडे रूळ उन्हात चकाकत दूर जात होते आणि जिथे ते एक होतात तिथे हवा पाण्यासारखी हलत होती. सर कठड्याशी उभे राहिले. हनुवटी वर केली. टोपीमुळे तशीही करावीच लागत होती. एक हात खिशात घातला. भोकांतून उन्हाचे ठिपके त्यांच्या नाकावर, गालावर पडले. अर्ध्या मिटल्या उजव्या डोळ्याला रुळांच्या जागी समुद्र दिसू लागला. इंजिनाचा भोंगा वाजला तो जहाजाचाच वाटला. आयुष्यात प्रथमच सरांच्या खिशात खडू नव्हता.

गाडी आली, दारं उघडली, माणसं सांडली. आणि त्या गर्दीतून बायको सरळ त्यांच्याच दिशेने येताना दिसली, दोन्ही हातांत पिशव्या, कपाळावर बारीकशी आठी. सर हलले नाहीत. जाहिरातीतली माणसं हलत नाहीत. ती जवळ आली. आणखी जवळ आली. तिने वर पाहिलं.

"भाऊ, जरा बाजूला होता का?" ती म्हणाली. "जिना पलीकडे आहे ना."

सर बाजूला झाले. सवयीनेच झाले, ती बाजूला व्हा म्हणाली की ते होत. ती पुढे गेली. आपण बोलायला हवं होतं हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत ती जिन्यावरून दिसेनाशी झाली होती.

भाऊ. सरांनी हा शब्द मनात दोन-तीनदा म्हणून पाहिला. तो कोणत्याही बाजूने मांडला तरी उत्तर चांगलं येईना. त्यांनी टोपीला हात लावला. काढावी आणि धावत जावं? पण मग टोपी कशाला केली म्हणून सांगायचं? ते तिथेच कठड्याला टेकून उभे राहिले आणि फलाट हळूहळू रिकामा होत गेला.

तेवढ्यात डोक्यावरचा कर्णा खरखरला.

"कृपया लक्ष द्या. गणिताचे शिक्षक असलेले एक गृहस्थ आपल्या पत्नीस घेण्यासाठी आले आहेत. ते कुठेही असतील तेथून त्यांनी चौकशीच्या खिडकीपाशी यावे. त्यांची ओळख..." इथे निवेदिका थांबली, पण कर्णा चालूच राहिला. "बाई, ओळख काय सांगू? उंची?"

"मध्यम." बायकोचा आवाज होता. सगळ्या स्टेशनभर होता.

"केस?"

"केस तसे विरळ आहेत. म्हणजे कपाळ मोठं आहे. त्यांना शोभतं ते."

"शोभतं हे कसं सांगू मी? कपडे?"

"ते काय माहीत. निळा शर्ट असेल, टाका म्हटलं तरी टाकत नाहीत. अंगात आला की बरा दिसतो, म्हणून मीही धरून बसत नाही."

"आणखी काही खूण? चष्मा, मिशी, तीळ?"

"तसं काही नाही." थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. "दिसायला छान आहेत."

"बाई, त्यावरून लोक कसे ओळखणार?"

"मी तर गर्दीतही लगेच ओळखते. आज आलेलेच नसतील, नाहीतर दिसले असते की. कधी चुकवत नाहीत हो. म्हणून जरा काळजी वाटली."

कर्ण्यात कागद सळसळले. निवेदिकेने घसा साफ केला आणि पुन्हा तो सरकारी आवाज लावला. "मध्यम उंचीचे, विरळ केसांचे आणि दिसायला छान असलेले गणिताचे शिक्षक यांनी कृपया चौकशीच्या खिडकीपाशी यावे."

फलाटावर इकडेतिकडे उभ्या असलेल्या चार-दोन मध्यम उंचीच्या गृहस्थांनी नकळत भांग सारखा केला. झाडूवाला झाडता झाडता थांबला होता. तिकीट तपासणारा कर्ण्याकडे मान वर करून बघत होता.

सरांनी टोपी काढली. बातम्या खाली पडल्या, त्या त्यांनी उचलल्या. डोक्याला वारा लागला, आणि एवढा मोठा वारा फलाटावर इतका वेळ होता हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी कपाळावरून एकदा हात फिरवला. ते खरंच मोठं होतं.

टोपी काखेत मारून ते जिन्याकडे निघाले. आता धावायला हवं होतं. ती काळजी करत होती, तिच्या हातात दोन पिशव्या होत्या. पण स्टेशनात सूचना एकदा देऊन थांबत नाहीत, ऐकली नसेल त्याच्यासाठी पुन्हा देतात, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. ते जिन्याच्या मध्यावर आले, कठड्याला हात टेकला आणि थांबले.

कर्णा खरखरला.